तुमच्या शेरीफची वेळ मागा: अमेरिकेतील मराठी मंडळांना खुले पत्र

बृहन्महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिका, आणि अमेरिकेतल्या गावोगावच्या मराठी मंडळांचे पदाधिकारी यांस,



गणेशोत्सव, मराठी शाळा, एकांकिका आणि अधिवेशनांची तयारी यांत आपला वेळ जातो, हे ठाऊक आहे. तरीही पोलिसांच्या विषयावरचे हे पत्र आपल्यालाच लिहीत आहे, कारण आपल्या सभासदांपैकी ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे त्यांच्या हातात शेरीफ निवडण्याचे मत आहे. आपल्याकडे जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक सरकार नेमते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत काउंटीचा शेरीफ लोक निवडून देतात. रस्त्यावर गाडी थांबवणाऱ्या स्थानिक पोलिसाने गाडीतल्या माणसाचा व्हिसाही तपासायचा की नाही, हे आज पुष्कळ ठिकाणी या निवडून आलेल्या माणसाच्या सहीवर ठरते आहे. तो अधिकार शेरीफने मागू नये, मिळत असला तरी घेऊ नये, आणि हे त्याला सांगण्याचे काम मराठी मंडळांचेही आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी कायदा. परदेशी माणसाने देशात केव्हा यायचे, किती राहायचे आणि कधी निघायचे हा अमेरिकेत केंद्र सरकारचा विषय. १९९६ साली अमेरिकी काँग्रेसने स्थलांतर कायद्यात २८७(जी) हे कलम घातले आणि केंद्राशी करार करणाऱ्या राज्यांच्या व स्थानिक पोलिसांना या कामात हात घालायची मुभा दिली. पहिला करार २००२ मध्ये फ्लोरिडाने केला. कराराचे प्रकार आहेत. एका प्रकारात तुरुंगात आणलेल्या माणसाचीच चौकशी होते, दुसऱ्यात आधी निघालेले वॉरंट तुरुंगातल्या तुरुंगात बजावले जाते. तिसरा प्रकार ‘टास्क फोर्स’चा. त्यात गस्तीवरचा पोलीस रोजचे काम करता करता भेटलेल्या माणसाला त्याचे स्थलांतराचे स्टेटस विचारू शकतो आणि धरूही शकतो. ओबामा सरकारने हा प्रकार २०१२ च्या अखेरीस बंद केला होता. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने तो परत आणला. त्या वर्षाच्या सुरुवातीला सर्व प्रकार मिळून देशभर १३५ करार होते, वर्ष सरण्याआधी ते हजाराच्या वर गेले. पूर्वी या कामासाठी पोलिसाला चार आठवडे प्रशिक्षण केंद्रात काढावे लागत. आता टास्क फोर्ससाठी ४० तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरतो. एच-वन, एच-फोर, ओपीटी, ॲडव्हान्स परोल हा व्हिसा-परवान्यांचा गुंता सोडवायला आपले लोक वकील गाठतात आणि तरी महिनोन्‌महिने धास्तीत असतात. तोच कायदा या पोलिसाने कामाच्या पाच दिवसांइतक्या वेळात शिकून, रात्री हायवेच्या कडेला, टॉर्चच्या उजेडात लावायचा आहे.

गाडी थांबवण्याचा अधिकार हा पोलिसाचा सर्वांत सैल अधिकार आहे, आणि माझ्या युक्तिवादाचा पाया इथेच आहे. अमेरिकेत दररोज सरासरी ५० हजारांहून जास्त गाड्या पोलीस थांबवतात. लेन बदलताना सिग्नल दिला नाही, टेललाइट गेला आहे, नंबरप्लेटची चौकट अक्षरांवर आली आहे, एवढे कारण पुरते. कोणाही चालकामागे दहा मिनिटे गाडी चालवली तर असे काहीतरी सापडतेच. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने रेन खटल्यात ठरवले की वाहतुकीचा नियम खरोखर मोडला असेल, तर पोलिसाच्या मनातला खरा हेतू न्यायालय तपासणार नाही. २००१ मध्ये टेक्सासच्या लागो व्हिस्टा गावच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सीटबेल्ट न लावल्याबद्दल, म्हणजे ज्याला शिक्षा फक्त दंडाची आहे अशा गुन्ह्यासाठी, बेड्या घालून तुरुंगात नेणेही वैध ठरवले. हे दोन निकाल शेजारी ठेवा: कोणत्याही निमित्ताने थांबवता येते आणि कोणत्याही निमित्ताने आत नेता येते. एक कुंपण मात्र न्यायालयाने राखले आहे. २०१५ च्या रॉड्रिग्ज खटल्यात पोलिसाने वाहतुकीची चिठ्ठी देऊन झाल्यावर अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा गाडीभोवती फिरवायला माणसाला सात-आठ मिनिटे जास्त थांबवले. न्या. गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालाने सांगितले की गाडी ज्या कामासाठी थांबवली ते संपले की, वेगळा रास्त संशय नसेल तर, माणसाला जाऊ द्यायचे. टास्क फोर्सचा करार नेमका या सात-आठ मिनिटांवर घाला घालतो. ज्याच्या खिशात केंद्राचा अधिकार आहे त्या पोलिसाचे काम चिठ्ठी दिल्यावर संपतच नाही, तो संशय शोधू लागतो. वेग रडारवर दिसतो, दारू श्वासात सापडते. व्हिसाची मुदत संपली आहे हे गाडीच्या काचेतून कशावरून दिसणार? दिसतो तो चेहरा. ऐकू येतात ते उच्चार.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी जवळपास दहा कोटी थांब्यांच्या नोंदी तपासल्या. अंधार पडला आणि चालकाचा रंग बाहेरून दिसेनासा झाला, की थांबवलेल्यांमधले कृष्णवर्णीयांचे प्रमाण कमी होते, असे त्यांना आढळले. ही गत स्थलांतराचा अधिकार हातात नसलेल्या पोलिसांची. तो हातात आला की काय होते, हे ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीने दाखवले आहे. शेरीफ जो अर्पायो यांनी २००७ मध्ये २८७(जी) करार केला आणि वाहतुकीच्या निमित्ताने वस्त्यांवर ‘मोहिमा’ काढायला सुरुवात केली. २०११ मध्ये न्याय खात्याने कळवले की काउंटीच्या काही भागांत लॅटिनो चालक थांबवला जाण्याची शक्यता इतरांच्या चौपट ते नऊपट होती. मे २०१३ मध्ये न्या. मरी स्नो यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. ज्याच्या नावाने तो खटला चालला तो माणूस व्हिसा घेऊन आलेला होता, आणि गाडीत नुसता प्रवासी म्हणून बसला होता. अर्पायो थांबले नाहीत. न्यायालयाचा आदेश जाणून मोडल्याबद्दल २०१७ मध्ये ते दोषी ठरले, पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. पण मतदारांनी त्यांना त्याआधीच, नोव्हेंबर २०१६ मध्ये, घरी बसवले होते. काउंटीचे करदाते मात्र न्यायालयाच्या देखरेखीचे कोट्यवधी डॉलर २०१३ च्या निकालापासून दहा वर्षांहून अधिक काळ भरत राहिले.

मॅरिकोपाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ‘ईस्ट व्हॅली ट्रिब्यून’ या स्थानिक दैनिकाच्या दोन बातमीदारांनी शेरीफच्या नोंदी खणून काढल्या. स्थलांतरितांच्या मागे मनुष्यबळ लावल्यामुळे तातडीच्या मदतीला पोलीस उशिरा पोचत होते, हिंसक गुन्ह्यांचे तपास पडून राहत होते. या मालिकेला २००९ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्याच शेरीफच्या खात्याकडे तपासाविना किंवा अर्धवट तपासाने राहिलेले लैंगिक गुन्हे चारशेच्या वर निघाले, त्यांतले कितीतरी लहान मुलांवरचे. पोलिसाचा दिवस चोवीस तासांचाच असतो. तो व्हिसा शोधण्यात घालवला तर तो कुणाच्या तरी तक्रारीतून वजा होतो.

हा जुना इतिहास समजू नये. एप्रिल २०२५ मध्ये फ्लोरिडात, टॅलाहासीजवळ, वेगाच्या कारणाने एक गाडी थांबवली गेली. त्यातल्या एका विशीतल्या प्रवाशाला राज्याच्या नव्या स्थलांतर कायद्याखाली अटक झाली. त्या कायद्याची अंमलबजावणी न्यायालयाने आधीच रोखली होती. मुलगा जॉर्जियात जन्मलेला, म्हणजे जन्माने अमेरिकन. न्यायालयात त्याच्या जन्माचा दाखला हजर केला गेला. न्यायाधीशबाईंनी तो उजेडासमोर धरून वॉटरमार्क पाहिला आणि दाखला अस्सल असल्याचे सांगितले. तरीही सोडण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, कारण केंद्राच्या स्थलांतर खात्याने त्याला अडकवून ठेवायला सांगितले होते. आई कोर्टात बसलेली, दाखला खरा, न्यायाधीशांची खात्री पटलेली, आणि मुलगा परत कोठडीत. संध्याकाळी तो सुटला, तोवर देशभर बोभाटा झाला होता. त्यानंतर महिन्याभरातच जॉर्जियातल्या डाल्टन गावात कॉलेजात शिकणाऱ्या एका १९ वर्षांच्या मुलीला चुकीचे वळण घेतल्याबद्दल थांबवले, लायसन्स नाही म्हणून तुरुंगात नेले. ती चार वर्षांची असताना मेक्सिकोहून आणलेली. काही दिवसांनी पोलिसांनी डॅशकॅम पाहिला तेव्हा कळले की वळण दुसऱ्याच ट्रकने घेतले होते. वाहतुकीचे आरोप मागे घेतले गेले. पण मुलगी तोपर्यंत स्थलांतर खात्याच्या कोठडीत पोचली होती, आणि तिथला खटला चुकीच्या वळणाबरोबर रद्द होत नाही. वाहतूक कोर्टात चूक सुधारते, तिथली शिक्षा दंडाची असते. इथे त्याच चुकीतून माणूस देशाबाहेर जाऊ शकतो.

आपल्यापैकी काहींच्या मनात येईल की हे मेक्सिकन, ग्वाटेमालन लोकांचे प्रश्न. आपण रीतसर आलो. मुकाट्याने दिलेले हे उत्तर मला फार काळजीचे वाटते. लॉस एंजेलिसच्या एका प्रकरणात खालच्या न्यायालयाने केवळ वंश, उच्चार, जागा आणि कामाचा प्रकार यांवरून केंद्राच्या अधिकाऱ्यांनी लोकांना थांबवायला मनाई केली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई स्थगित केली, न्या. कॅव्हनॉ यांनी आपल्या मतात लिहिले की वंश एकटा पुरेसा नसला, तरी इतर गोष्टींच्या जोडीने तो विचारात घेता येतो. सावळा रंग आणि वेगळे इंग्रजी उच्चार फक्त लॅटिनोंचे असतात का? फेब्रुवारी २०१५ मध्ये ॲलाबामातल्या मॅडिसन गावी ५७ वर्षांचे एक गुजराती आजोबा सकाळी मुलाच्या घरासमोर फेरफटका मारत होते. नातवाला सांभाळायला ते नुकतेच आले होते. कुणीतरी ‘संशयास्पद माणूस’ म्हणून फोन केला. इंग्रजी येत नाही, भारत, एवढेच ते सांगू शकले. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले. मानेवर शस्त्रक्रिया करावी लागली. ती स्थलांतराची कारवाई नव्हती, हे स्पष्ट सांगतो. पण बाळंतपणाला, नातवंडांना सांभाळायला सांगली-सोलापूरहून आलेले आई-वडील आपल्या प्रत्येक मंडळात आहेत. सहा महिन्यांच्या मुक्कामावर, पासपोर्ट कपाटात ठेवून, देवळात किंवा दुकानात निघालेल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले. कायदा १८ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाने नोंदणीचा कागद जवळ बाळगावा असे म्हणतो. तो कागद कोण मागणार आणि कशावरून मागणार, हा प्रश्न त्यांचाही आहे.

‘रीतसर’ हा शब्दही आपण समजतो तितका पक्का नाही. एच-वनवरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. त्यात नवी नोकरी किंवा दुसरा मार्ग सापडला नाही तर कालचा रीतसर इंजिनियर स्टेटसबाहेर जातो. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांना देशागणिक सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे वर्षानुवर्षे ताटकळावे लागते, आणि त्या रांगेत २१ वर्षांची झालेली मुले आईबापांच्या व्हिसातून बाहेर पडतात. नागरिकत्वसुद्धा एकदा असेच डळमळले होते: १९२३ मध्ये थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत असे ठरवले, तेव्हा आधी मिळालेली नागरिकत्वेही सरकार काढून घेऊ लागले होते. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांना स्वतःचे नागरिकत्व कोर्टात लढून वाचवावे लागले, आणि ते १९२७ मध्ये वाचले. शिवाय कागद नसलेले भारतीयही अमेरिकेत थोडेथोडके नाहीत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला १०४ जण आणून सोडले, त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत वजनदार आक्षेप गुन्हेगारीचा: बेकायदा आलेला माणूस खून-बलात्कार करील त्याआधी त्याला का पकडू नये? २०१३ पासून देशात कुठल्याही तुरुंगात आणलेल्या प्रत्येक माणसाचे ठसे एफबीआयमार्गे आपोआप स्थलांतर खात्याकडे जातात. ज्याला चोरी, मारहाण, बलात्कार यांसाठी अटक झाली तो शेरीफच्या कराराशिवायही केंद्राला कळतोच. रस्त्यावरचा करार या जाळ्यात जी नवी माणसे आणतो, ती ज्यांच्यावर टेललाइटपलीकडे काहीही आरोप नाही अशी. ठशांच्या या योजनेचा परिणाम थॉमस माइल्स आणि ॲडम कॉक्स या अभ्यासकांनी तपासला तेव्हा गुन्हेगारीत दखल घेण्याजोगी घट त्यांना दिसली नाही. कारणही सापडते: टेक्सास पोलिसांच्या २०१२ ते २०१८ च्या नोंदींवरच्या अभ्यासात गंभीर गुन्ह्यांसाठी अटकेचे प्रमाण कागद नसलेल्यांमध्ये अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा बरेच कमी निघाले. एखादा अपवाद भयंकर असतो, त्यात माणसे मरतात, आणि मृतांच्या घरच्यांना टक्केवारी सांगून काही उपयोग नसतो हे मला मान्य आहे. पण धोरण ठरवताना, त्या अपवादाला पकडायला रस्त्यावरची चेहरे-तपासणी उपयोगी पडते का, हे विचारावेच लागते.

उलट गुन्हेगाराला पकडून देणारा धागा तुटतो. इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो शाखेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४ टक्के लॅटिनोंनी सांगितले की आपल्यावर गुन्हा घडला तरी पोलीस स्टेटस विचारतील या भीतीने आपण त्यांच्याकडे जाण्याची शक्यता कमी आहे. कागद नसलेल्यांमध्ये हे प्रमाण ७० टक्के होते. २०१७ मध्ये ह्यूस्टनचे पोलीसप्रमुख आर्ट असेव्हेडो यांनी आकडे मांडले: वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत हिस्पॅनिक लोकांनी नोंदवलेल्या बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षापेक्षा सुमारे ४३ टक्क्यांनी घटल्या, इतरांच्या मात्र वाढल्या. बलात्कार कमी झाले होते असे त्यांनाही वाटत नव्हते. आपल्या समाजात याचे रूप वेगळे असते. एच-फोरवर आलेल्या, नवऱ्याच्या व्हिसावर जिचा मुक्काम टांगलेला आहे अशा बाईला तो मारतो तेव्हा ९११ फिरवण्याआधी ती शंभरदा विचार करते. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत १९८५ पासून ‘मानवी’सारखी संस्था उभी राहावी लागली, यातच त्या भीतीचे वजन कळते. दारात येणारा पोलीस व्हिसाचाही अधिकारी आहे असे कळले, तर ती फोन खाली ठेवील.

दुसरा आक्षेप असा की केंद्राचा कायदा आहे, स्थानिक पोलिसाने मदत केलीच पाहिजे. मदत करण्याची सक्ती केंद्र करू शकत नाही, आणि हे ठरवून घेतले ते मोंटानाच्या आणि ॲरिझोनाच्या दोन शेरीफांनी. बंदूक घेणाऱ्यांची तपासणी केंद्राने आपल्या गळ्यात मारू नये म्हणून त्यांनी खटला भरला आणि १९९७ मध्ये प्रिंट्झ खटल्यात ते जिंकले. राज्यांच्या हक्कांचा कैवार घेणाऱ्यांचा तो विजय होता. तोच नियम इथे लागू आहे. इलिनॉयमध्ये स्थानिक पोलिसांना या कामापासून दूर ठेवणाऱ्या २०१७ च्या कायद्यावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नर ब्रूस राऊनर यांनी. केंद्राला सक्ती करता येत नाही म्हणून आता पैसा पुढे केला आहे: १ ऑक्टोबर २०२५ पासून करारातल्या प्रशिक्षित पोलिसांचे पगार केंद्र भरून देते, आणि माणसे शोधून देण्याच्या प्रमाणावर दर तिमाहीला बक्षीसही. गाडी थांबवणाऱ्याला आतल्या माणसाच्या कागदांवर बक्षीस मिळणार असेल, तर गाडी कशासाठी थांबली हे कोणी विश्वासाने सांगू शकणार नाही.

राहता राहिला आपला नेहमीचा आक्षेप: मंडळ राजकारणात पडत नाही. उमेदवाराचा प्रचार करायला करसवलतीच्या संस्थांना बंदी आहे आणि ती योग्यच आहे. धोरणावर मत मांडायला, निवडून आलेल्या अधिकाऱ्याला भेटून प्रश्न विचारायला ती नाही. हॉल मिळावा म्हणून आपण नगरपालिकेकडे जातो, दिवाळीची सुट्टी मिळावी म्हणून शाळा मंडळापुढे बोलतो. शेरीफही त्याच काउंटीचा नोकर आहे.

म्हणून विनंती आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या काउंटीत २८७(जी) करार आहे का, असल्यास कोणत्या प्रकारचा, हे लेखी विचारा. टेक्साससारख्या राज्यात, जिथे करार करणे शेरीफांवर बंधनकारक केले आहे, तिथे तो तुरुंगापुरता ठेवा आणि रस्त्यावरच्या टास्क फोर्सचा घेऊ नका असे सांगा. नुसते लायसन्स नसेल तर तुरुंगात न नेता चिठ्ठी देऊन सोडा, हेही सांगा, कारण डाल्टनची मुलगी त्याच दाराने आत गेली. थांबवलेल्या गाड्यांची चालकाच्या वंशानुसार नोंद ठेवून ती दरवर्षी प्रसिद्ध करण्याची मागणी करा. आणि राज्याची सक्ती नसताना आपल्या शेरीफने टास्क फोर्सच्या करारावर सही केली असेल, तर ती मागे घ्यायला सांगा. शेरीफला हा करार केव्हाही संपवता येतो.